पुकारले असता गैरहजर

टीव्हीवरचा सुटाबुटातला माणूस तीनदा ओरडला आणि मी खुर्चीतून ताडकन उभा राहिलो.

“काय झालं अण्णा?” शर्वरी लाटणं हातात घेऊन स्वयंपाकघरातून पळत आली.

“पुकारा! अगं, ह्यांच्यातबी पुकारा असतोय की!”

ती इतकी हसली की लाटण्याचं पीठ गालाला लागलं. माझी सून फार कमी हसायची, म्हणून ते लक्षात राहिलंय.

मी आनंदा रामू कुराडे, गडहिंग्लजचा. तालुक्याच्या कोर्टात चौतीस वर्षं पट्टेवाला होतो, आणि त्यातली सव्वीस वर्षं दारात उभं राहून पुकारा करायचं काम माझ्याकडं होतं. साहेबांनी खटला हातात घेतला की आपण व्हरांड्यात यायचं आणि पक्षकाराचं, साक्षीदाराचं नाव तीनदा घ्यायचं. अमुक तमुक हाजीऽऽर हो! माझा आवाज पार बसस्टँडवर चहा पिणाऱ्याला ऐकू जायचा. थाप नाही, विचारा कुणालाही. तीनदा नाव घेऊन माणूस आला नाही तर आत जाऊन तसं सांगायचं, आणि कारकून कागदावर लिहायचा, ‘पुकारले असता गैरहजर’. मग त्या दिवशी त्याचं कुणी ऐकत नाही. त्याच्याकडं किती का खरं असेना.

ही गोष्ट दोन हजार वीसच्या जानेवारीची. बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. एकटा म्हातारा घरात काय करणार, म्हणून सुहासनं, माझ्या एकुलत्या एका पोरानं, मला आदल्या ऑक्टोबरात सहा महिन्यांसाठी अमेरिकेला नेलं होतं. आयोवा नावाचं राज्य. सगळी मक्याची शेतं, आणि तीही बर्फाखाली. सुहास विमा कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायचा. शर्वरी साताऱ्याची, चांगली शिकलेली, पण ईरा झाल्यापासून घरीच होती. ईरा तेव्हा सात वर्षांची.

दुपारी घरात मी आणि टीव्ही. आणि नेमका त्याच महिन्यात त्यांच्या राष्ट्राध्यक्षावर महाभियोगाचा खटला उभा राहिला! शंभर सिनेटर न्याय करायला बसलेले, वर मुख्य न्यायाधीश. फोन बाहेर ठेवायचे, आपसात बोलायचं नाही, प्यायला पाणी नाहीतर दूध. तो सुटाबुटातला रोज सुरुवातीला ओरडायचा की गप्प बसा, नाहीतर तुरुंगात घालू. मला तर चेवच आला. इंग्रजी मला बोलता येत नाही, पण एवढी वर्षं कोर्टात घासल्यावर एव्हिडन्स, ऑब्जेक्शन, विटनेस हे शब्द कुठल्याही बोलण्यातून मी बरोबर उचलतो. उरलेलं शर्वरी सांगायची.

तिचं स्वतःचं वेगळंच चाललं होतं. मागच्या सप्टेंबरात ती अमेरिकेची नागरिक झाली होती आणि पहिल्यांदाच मत देणार होती. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षानं कुणाला उभं करायचं, ह्याची पहिली लढत आयोवात, तीन फेब्रुवारीला. उमेदवारांची ही रांग लागलेली. टपालाची पेटी त्यांच्या कागदांनी भरून जायची, दाराची बेल दिवसातून चारदा वाजायची. शर्वरीनं त्यातला अगदी मागचा धरला होता. सरकारनं प्रत्येक माणसाला महिन्याला हजार डॉलर द्यावेत, असं म्हणणारा.

“फुकट कोण देतंय का गं असं?” मी चेष्टा करायचो.

“प्रत्येकाला, अण्णा. बाईलासुद्धा. तिच्या स्वतःच्या नावावर.”

मी मान हलवून पुन्हा टीव्हीकडं वळायचो. रोज दुपारी ती गुडघ्याएवढे बूट घालून, यादी अडकवलेली पाटी घेऊन बर्फातून घरोघर हिंडायची. परत आली की नाक लाल आणि स्वारी खुशीत. मला गरम चहा करून द्यायची आणि कोण काय बोललं ते सांगायची. त्या घरात आल्यापासून दोनदा मी वरच्या खोलीतून काहीतरी आपटल्याचा आवाज ऐकला होता, आणि एकदा तिच्या दंडावर काळानिळा डाग बघितला होता. कपाटाचं दार लागलं, म्हणाली. मीही लागलं असेल म्हणालो.

गुरुवारी, तीस तारखेला, सुहास पाचच्या सुमाराला आला आणि बूट न काढताच आत आला. त्या घरात बूट घालून कुणी आत येत नसे.

“तू ब्रायनच्या घरी गेली होतीस?”

शर्वरी धुवायच्या कपड्यांची टोपली घेऊन तळघराकडं निघाली होती. धुण्याचं यंत्र खाली होतं. “कोण ब्रायन?”

“माझा बॉस! त्याच्या दारात जाऊन त्या येड्यासाठी मतं मागितलीस? आज मीटिंगमध्ये सगळ्यांपुढं हसला मला तो.”

“यादीत पत्ता होता. मला काय माहीत ते त्याचं घर आहे?”

“बास झालं आता हे. सोमवारी कुठं जायचं नाही.”

“मी जाणार,” ती म्हणाली. आवाज चढवून नाही, साधंच म्हणाली.

तळघराच्या जिन्याचं दार उघडं होतं. माझी खुर्ची टीव्हीकडं तोंड करून, आणि टीव्हीच्या डाव्या अंगाला ते दार. मान वळवायचीसुद्धा गरज नव्हती. त्यानं तिचा दंड धरला, ते मी बघितलं. त्यानं तिला ढकललं, तेही बघितलं. टोपली आधी गेली, मागून ती.

सुहास तिथंच उभा राहिला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी टीव्हीकडं बघितलं. कुणीतरी वकील तावातावानं बोलत होता, आवाज मोठा होता. जरा वेळानं सुहास जिना उतरून खाली गेला.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. दवाखान्यात सुहासनंच सांगितलं की दारापुढच्या बर्फावरून घसरली, आणि शर्वरीनं मान डोलावली. मी ईराला घेऊन गाडीत बसलो होतो. पोरगी काचेवर वाफ करून त्यावर बोटानं चौकोन काढत बसली. लहान आहे, कंटाळली असेल, असं मी धरून चाललो.

शुक्रवारी दुपारी टीव्हीवर ठरायचं होतं की खटल्यात साक्षीदार बोलवायचे की नाही. शर्वरी हाताला प्लास्टर घालून सोफ्यावर बसली होती. मतं झाली. एकावन्न जण म्हणाले नको, एकोणपन्नास म्हणाले हवेत.

“साक्षीदारच नकोत?” मी ओरडलो. “मग कसला खटला, डोंबलाचा? कोंबडीचोरीच्या खटल्यालासुद्धा आमच्याकडं दोन साक्षीदार लागायचे! ज्यानं बघितलंय तो सांगतो म्हणतोय, आणि ह्यांना ऐकायचंच नाही!”

“आणि ज्यानं बघितलंय तोच सांगेना झाला तर?” शर्वरीनं विचारलं.

“तो फितूर. असले ढिगानं बघितलेत मी. व्हरांड्यात कोपऱ्यात घेऊन त्याला पढवत असायचे, ‘तू तिथं नव्हतास म्हण, अंधार होता म्हण.’ मी नाव पुकारलं की खाली मान घालून आत जायचा आणि पढवलेलं ओकायचा. बाहेर आला की मी त्याच्याकडं बघून थुंकायचो. त्याच्याइतका हलकट माणूस नाही.”

“तुमचं नाव पुकारलं तर, अण्णा?”

“माझं? पहिल्या हाकेला आत!”

ती “बरं” म्हणाली, उठली आणि एका हातानं चहाचं आधण ठेवायला लागली. तिनं असं का विचारलं ते मला कळलं नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण कळलं होतं.

सोमवारी संध्याकाळी ती मला ईराच्या शाळेत घेऊन गेली. समोरच्या घरातली लिंडा नावाची बाई आम्हा दोघांना तिच्या गाडीतून घेऊन गेली. सुहासनं अडवलं नाही. गुरुवारपासून तो फार गोड वागत होता, भांडी घासत होता, ईराचा अभ्यास घेत होता.

शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये दोनशेवर माणसं. मला वाटलं, पेटी असेल, पडदा असेल. कसलं काय! भिंतीवर उमेदवारांच्या नावाचे कागद डकवलेले, आणि ज्याला जो पाहिजे त्याच्या कागदाखाली जाऊन उभं राहायचं. सगळ्यांदेखत. शेजारी, शाळेतल्या बाई, किराणा दुकानाचा मालक, सगळे एकमेकांकडं बघतायत, कोण कुठं जातंय.

“हे गं काय? लपवाछपवी काहीच नाही?”

“नाही, अण्णा. इथं लपून मत देता येत नाही. उभं राहून दाखवावं लागतं.”

मी मत नसलेला माणूस, मला बाजूच्या लाकडी पायऱ्यांवर बसवलं. शर्वरी तिच्या कागदाखाली गेली. तिथं मोजून एकोणीस जण. गळ्यात चष्मा अडकवलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं डोकी मोजली आणि जाहीर केलं की निदान बत्तीस पाहिजेत, त्याखालचे गट बाद. बाद झालेल्यांनी दुसऱ्या कुणाकडं जावं, नाहीतर घरी जावं. मग जी ओढाओढी सुरू झाली! मोठ्या गटांची माणसं येऊन समजावतायत, एकानं तर बिस्किटांची ताटली फिरवली. एकोणिसाचे बारा झाले, बाराचे पाच झाले. शेवटी त्या कागदाखाली शर्वरी एकटीच उरली, गळ्यात बांधलेला हात घेऊन.

लिंडा तिला बोलवायला आली. माझ्यापासून चार हातांवरच उभ्या होत्या दोघी. लिंडानं आपल्या गटाकडं बोट केलं, मग प्लास्टरवर हात ठेवून काहीतरी विचारलं. त्यातला ‘आइस’ मला कळला. आइस म्हणजे बर्फ.

“नो,” शर्वरी म्हणाली. “नॉट आइस.”

लिंडानं शर्वरीच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली. आजूबाजूच्या दोनचार बायकांनीही मान वळवून बघितलं. मी माझे हातमोजे घातले, पुन्हा काढले.

शर्वरी येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसली. “अण्णा, सकाळी हात दाखवायला गेले होते ना, तेव्हा तिथल्या नर्सला खरं काय ते सांगितलं. बुधवारी तीन वाजता एक पोलीस बाई घरी येणार आहे. सुहास ऑफिसात असेल.”

मी भिंतीवरच्या कागदांकडं बघत राहिलो.

“कोर्टानं हुकूम दिला तर त्याला घर सोडावं लागेल. मी आणि ईरा घरात राहू शकू. पण मी आधी बर्फ म्हणून बसले. आता माझं एकटीचं कोण ऐकणार? तुम्हाला विचारतील. जास्त काही सांगू नका, अण्णा. जेवढं बघितलंत तेवढंच.”

“आत टाकतील काय गं त्याला?”

“माहीत नाही. मला त्याला आत टाकायचं नाहीये. पण पुढच्या वेळी मनगटावर भागणार नाही, हे मला माहीत आहे.” तिनं प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. “आणि बुधवारपर्यंत त्याला कळू देऊ नका.”

“मी कशाला सांगतोय?” मी म्हणालो.

त्या रात्री आयोवाचा निकाल लागलाच नाही. आकडे पोचले नाहीत म्हणे. सगळ्या देशानं नावं ठेवली. शर्वरीला त्याचं काही वाटलं नाही, ती आठवड्यात पहिल्यांदा शांत झोपलेली दिसली. ईराच्या खोलीत, ईराच्या पलंगावर.

मला वाकता येत नाही. पायाची नखं आधी बायको काढायची, ती गेल्यावर सुहास. मंगळवारी संध्याकाळी त्यानं टबात कोमट पाणी आणलं, माझे पाय भिजवले, टॉवेलनं बोट न बोट पुसलं आणि पाऊल मांडीवर घेतलं. शर्वरी ईराला पोहायच्या वर्गाला घेऊन गेली होती, लिंडाच्या गाडीतून.

“त्या दिवशी माझं डोकंच फिरलं, अण्णा,” मान वर न करता तो म्हणाला. “आई असती तर मला जोड्यानं मारलं असतं.”

त्याचे केस डोक्याच्या मध्यावर विरळ झाले होते. लहानपणी त्याला ताप आला की रात्र रात्र मी त्याच डोक्यावर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या होत्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. “उद्या पोलीस येणार आहेत, सुहास. तीन वाजता.”

नखं काढायचं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

“तिनं सांगितलं?”

“हो.”

“तुम्हाला विचारणार?”

“हो.”

त्यानं करंगळीचं नख काढलं, कडेनं घासून गुळगुळीत केलं आणि दुसरं पाऊल मांडीवर घेतलं. “तुम्ही टीव्ही बघत होता, अण्णा. तुमची खुर्ची टीव्हीकडं तोंड करून आहे. आवाज मोठा होता. तुम्हाला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. एवढंच. म्हणा बघू.”

सव्वीस वर्षं मी जे बघून थुंकत होतो, ते माझ्याच पायाशी बसून चाललं होतं. मी म्हणून दाखवलं. एका जागी अडखळलो, तर त्यानं पुन्हा म्हणून घेतलं.

बुधवारी बरोबर तीनला बेल वाजली. पोलीस बाई पोरसवदाच होती. दारातले चपला-बूट बघून तिनंही आपले बूट काढले आणि मोज्यांवर आत आली, ह्याचं मला बरं वाटलं. शर्वरीला तिनं स्वयंपाकघरात थांबायला सांगितलं आणि ती माझ्यासमोर बसली. टीव्हीवर निकालाची मतं चालली होती. एकेका सिनेटरचं नाव पुकारत होते, नाव आलं की तो जागेवर उठून उभा राहायचा आणि दोषी की निर्दोष ते एका दमात सांगून खाली बसायचा. बाईनं खूण केली तसा मी आवाज बंद केला. चित्र चालूच राहिलं.

तिनं फोन टेबलावर ठेवला आणि त्यातून एक मराठी आवाज आला. कुठूनतरी लांबून दुभाषाचं काम करणारी बाई असावी, शुद्ध, पुण्याकडची. “नमस्कार आजोबा. ऑफिसर विचारतायत, गेल्या गुरुवारी संध्याकाळी आपण कुठं होता?”

चार महिन्यांत घरातल्यांखेरीज कुणी माझ्याशी मराठीत बोललं नव्हतं.

“ह्याच खुर्चीत,” मी म्हणालो.

“आपल्या सूनबाई जिन्यावरून कशा पडल्या, ते आपण पाहिलं का?”

टीव्हीवर एक बाई उठून उभी राहिली, काहीतरी बोलली, बसली. तिच्या शेजारचा उठला.

“मी टीव्ही बघत होतो. मला काही दिसलं नाही.”

फोनमधल्या बाईनं ते इंग्रजीत सांगितलं. ऑफिसरनं माझ्या खुर्चीकडं बघितलं, तळघराच्या दाराकडं बघितलं, आणि हळू आवाजात काहीतरी बोलली. “आजोबा, त्या म्हणतायत, घाबरू नका. आपल्याला कुणी काही करणार नाही. इथून ते दार समोरच दिसतं. काही ऐकलं तरी असेल? पडल्याचा आवाज, कुणाचं ओरडणं?”

“टीव्हीचा आवाज मोठा होता,” मी म्हणालो. “काही ऐकू आलं नाही.”

ती वहीत लिहीत होती. मी सवयीनं तिच्या पेनाकडं बघत होतो. तिनं फार नाही लिहिलं, दीड ओळ असेल. मग तिनं एक कार्ड टेबलावर ठेवलं, बूट घातले आणि दारात शर्वरीशी दोन मिनिटं बोलून निघून गेली.

शर्वरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. घरात मराठीत बोललेलं सगळं तिला ऐकू गेलं होतं. ती आता मला शिव्या घालेल, रडेल, निदान ‘का?’ म्हणून विचारेल, असं वाटून मी अंग चोरून बसलो.

“चहा ठेवू, अण्णा?” ती म्हणाली.

टीव्हीवर मुख्य न्यायाधीश कागद वाचत होते. राष्ट्राध्यक्ष सुटले होते.

माझं परतीचं तिकीट अठ्ठावीस मार्चचं होतं. त्याआधीच सगळ्या जगाला कुलूप लागलं. विमानं बंद, ऑफिस बंद, शाळा बंद. सुहासचं काम घरूनच सुरू झालं आणि दारं आतून लागली. ऑगस्टात शिकागोहून एक खास विमान मिळेपर्यंत पाच महिने आम्ही चौघं त्या घरात होतो. त्या पाच महिन्यांत काय काय झालं ते मी सांगत नाही, कारण विचारायला कुणी आलं नाही. शर्वरीनं माझं जेवण एकदाही चुकवलं नाही. बोलायची मात्र बंद झाली. ताट ठेवायची आणि जायची. प्लास्टर निघाल्यावरही तिचा तो हात पुरता वळत नव्हता, भाकरी तव्यावर टाकताना तोंड वाकडं व्हायचं. निघायच्या दिवशी मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो तर ती मागं सरकली. ईरा जिन्यावर बसून बघत होती.

गडहिंग्लजला आलो. पुढच्या वर्षी कळलं की शर्वरी पोरीला घेऊन घराबाहेर पडली, लिंडाच्या घरी राहिली, मग दुसऱ्या गावाला गेली. घटस्फोटाचा खटला उभा राहिला. मी कुणाला काही विचारलं नाही. सकाळी उठायचं, देवळात जायचं, येताना कोर्टासमोरच्या टपरीवर चहा घ्यायचा. माझ्या जागी आलेला पोरगा पुकारा करायचा, त्याचा आवाज अगदीच बारीक. पूर्वी मी त्याला चिडवायचो, शिकवायचो. आता नाही.

दोन हजार बावीसच्या जूनमध्ये सुहासचा फोन आला. ईरा कुणाकडं राहणार, ह्याचा निकाल लागला होता. ती आईकडं राहणार होती, आणि सुहासनं तिला भेटायचं तेही तिसऱ्या माणसाच्या देखत.

“असा कसा निकाल दिला?” मी विचारलं.

“जजनं ईराला आत बोलवून विचारलं.” त्याचा आवाज बसला होता. “साडेनऊ वर्षांची पोरगी. वकिलानं मला कागद पाठवलाय, तिनं काय काय सांगितलं त्याचा. तुम्हाला वाचून दाखवू?”

“नको,” मी म्हणालो.

त्यानं वाचलंच. इंग्रजी वाचायचा आणि मराठीत सांगायचा, त्या फोनमधल्या बाईसारखा. ईरा म्हणाली होती, मी वरच्या जिन्यावर बसले होते, मला सगळं दिसत होतं. बाबानं आईला ढकललं. आई खाली पडली आणि तिनं बाबाला नाही, आजोबांना हाक मारली. अण्णा, अण्णा, अण्णा, अशी तीनदा. आजोबांनी खुर्चीवरचा रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.

“अण्णा,” सुहास म्हणाला, “तिच्या हाका तुम्हाला ऐकू आल्या होत्या? आवाज तुम्ही मोठा केलात? मला वाटलं, तो होताच मोठा. खरं आहे हे?”

“खरं आहे,” मी म्हणालो. “तीन हाका मारल्या तिनं. मला तिन्ही ऐकू आल्या. तू ढकललंस तेही मी बघितलं.”

त्यानं फोन ठेवला. मी फोन कानाला लावून तसाच बसून होतो. सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं, आणि लिहून घ्यायला आता कुणी नव्हतं.